अंगठा उचलेना म्हणून तर्जनीचा टेंडन दिला: एका केसची पूर्ण हकीकत

पेशंट पन्नाशी ओलांडलेली बाई, शिवणकाम करणारी, उजव्या हाताची. पाय घसरून पडली, पडताना हात टेकला आणि मनगटापाशी रेडियस (कोपर ते मनगट यातलं अंगठ्याच्या बाजूचं हाड) मोडलं. फ्रॅक्चर म्हणजे एक्सरेत नुसती बारीक रेघ, हाड जागचं हललेलंसुद्धा नाही, त्यामुळे बसवायची वगैरे भानगड नव्हती, कोपराच्या खाली प्लॅस्टर घातलं, पाच आठवड्यांनी काढलं, एक्सरेत हाड छान जुळलेलं. म्हणजे कागदोपत्री केस संपली. त्यानंतर आठवडाभराने तिने कापड कापायला घेतलं, कात्री एकदा मिटली आणि परत उघडेचना. अंगठा वरच्या कडीत तसाच अडकून, वर यायचं नावच घेईना. कट्ट करून आवाज नाही, कळ नाही, सूज नाही, काहीच नाही. तिला वाटलं प्लॅस्टरमुळे आखडलंय, होईल हळूहळू.

आमच्याकडे फिजिओथेरपीला ती आली तेव्हा चिठ्ठीवर तेच लिहिलेलं, अंगठा स्टिफ आहे, व्यायाम द्या. आता स्टिफ म्हणलं की मी आधी स्वतः हलवून बघते. काकूंचा अंगठा मी माझ्या हाताने उचलला तर तो पूर्ण वर गेला, कुठेही अडला नाही, दुखलाही नाही. सोडला की परत खाली. जो सांधा दुसऱ्याने हलवल्यावर पूर्ण फिरतो पण पेशंटला स्वतःला हलवता येत नाही तो सांधा स्टिफ नसतो, ओढणारं काहीतरी बंद पडलेलं असतं, एकतर नस (नर्व्ह) नाहीतर टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर.

मग पंजा टेबलवर पालथा ठेवायला सांगितला, तळहात पूर्ण टेकलेला, आणि म्हणलं आता बाकी काही न हलवता फक्त अंगठा छताकडे उचला. डाव्या हाताचा झटकन उठला. उजवा जागचा हलला नाही, त्या नुसत्या त्याच्याकडे बघत बसल्या. ही टेस्ट एक्स्टेन्सर पॉलिसिस लाँगस या स्नायूची, पुढे ईपीएल म्हणते. अंगठा पंजाच्या पातळीच्या मागे उचलणं हे काम त्याच्याशिवाय नीट कुणालाच जमत नाही.

इथे एक फसवाफसवी असते ती सांगायलाच पाहिजे, कारण हीच गोष्ट बघून बरेच जण टेंडन शाबूत आहे असं धरून चालतात. काकूंना अंगठ्याचं शेवटचं पेर सरळ करता येत होतं. पूर्ण नाही, मागे कलेल इतकं तर नाहीच, पण वाकवून सरळ करा म्हणलं की जवळजवळ सरळ होत होतं. पुस्तकात ईपीएलचं काम म्हणून तेच पेर सरळ करणं लिहिलेलं असतं, मग टेंडन तुटला असेल तर हे कसं होतंय? तर अंगठ्याच्या मुळाशी जे छोटे स्नायू असतात, अॅबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिस आणि अॅडक्टर पॉलिसिस, त्यांचे काही तंतू अंगठ्याच्या पाठीवरच्या आवरणात जाऊन मिसळतात आणि ते पेर सरळ करू शकतात. म्हणून पेर सरळ होतं यावर अजिबात विसंबू नका, टेबलवरून अंगठा उचलतो का ते बघा.

नस की टेंडन हा प्रश्न राहिला. मनगट आपण पुढे वाकवलं की पाठीवरचे टेंडन आपोआप ताणले जातात आणि अंगठा बोटं आपसूक उघडतात, त्यासाठी स्नायूने काही करायची गरज नाही, नसेला मार असला तरी हे होणारच. काकूंचं डावं मनगट वाकवल्यावर अंगठा वर गेला, उजवं वाकवल्यावर बोटं उघडली पण अंगठा लोंबकळत राहिला. म्हणजे दोरच तुटलेला. शिवाय तर्जनी त्या एकटी मस्त उचलत होत्या, आणि याला फार अर्थ आहे, कारण पोस्टिरिअर इंटरऑसिअस नस हाताच्या मागच्या बाजूने खाली येताना एकेका स्नायूला फांदी देत येते आणि साधारणपणे सगळ्यात शेवटची फांदी तर्जनीच्या खास स्नायूला मिळते. शेवटचं गिऱ्हाईक खूश असेल तर वरच्या लाइनीत फॉल्ट असण्याची शक्यता कमीच. सोनोग्राफी केली, मनगटाच्या मागच्या उंचवट्यापाशी ईपीएलच्या जागी रिकामी फट आणि तुटलेली टोकं एकमेकांपासून लांब गेलेली.

बरं, हा टेंडन तुटला कसा, तेही हाड न हललेल्या फ्रॅक्चरमधे? सगळ्यांना वाटतं की जेवढं फ्रॅक्चर वाईट तेवढा टेंडनला धोका जास्त. ईपीएलच्या बाबतीत उलटं आहे, हा टेंडन तुटलेले पेशंट बघितले तर त्यांच्यात न सरकलेल्या किंवा जेमतेम सरकलेल्या फ्रॅक्चरवालेच जास्त सापडतात. मनगटाच्या मागे टेंडन जायला सहा वेगवेगळे बोगदे असतात, वरून एक जाड पट्टा त्यांना दाबून धरतो. तिसरा बोगदा एकट्या ईपीएलचा, अरुंद, आणि तिथे रेडियसला एक टेंगूळ आहे, लिस्टरचं ट्यूबर्कल, (हा तोच लिस्टर ज्याने अँटिसेप्टिक सर्जरी आणली), त्याला वळसा घालून ईपीएल तिरका अंगठ्याकडे वळतो. वळणाच्या जागी टेंडनचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा. हाड सरकलं असेल तर बहुतेक वेळा वरचा पट्टाही फाटतो आणि टेंडनला हलायला जागा मिळते. हाड नुसतं चिरलं असेल तर पट्टा शाबूत, बोगदा शाबूत, आत रक्त साठतं, दाब वाढतो, जे काही पोषण टेंडनला मिळत होतं तेही बंद होतं, वर हाडाच्या चिरेची खरखरीत कड घासत असते. टेंडन आतून मरतो आणि मग एखाद्या फालतू कामात तुटतो. पडल्यापासून तीन आठवडे ते तीन महिने हा त्याचा नेहमीचा काळ, म्हणजे नेमकं प्लॅस्टर निघून सगळे निर्धास्त झालेले असतात तेव्हा. फ्रॅक्चर न होताही हे होतं, संधिवातात होतं, त्या जागी स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतलेल्यांमधे होतं, आणि एकोणिसाव्या शतकात प्रशियन सैन्यातल्या ढोलवाल्यांना व्हायचं, काडी धरून धरून, त्याला ड्रमर्स पाल्सी असंच नाव पडलं होतं. काकूंना नीट विचारल्यावर आठवलं, प्लॅस्टर निघाल्यापासून अंगठा उचलताना मनगटाच्या मागे त्या टेंगळापाशी दुखायचं आणि करकरल्यासारखं व्हायचं. कात्री अडकली त्या दिवसापासून तेही थांबलं होतं! तुटल्यावर दुखणं जातं, त्यामुळे पेशंटला उलट बरंच वाटतं.

आता मुख्य स्नायूकडे येते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

एक्स्टेन्सर इंडिसिस. बारीक, लांबट, कुणी फारसं लक्ष न देणारा स्नायू. हाताच्या मागच्या बाजूला, कोपर ते मनगट या भागात, स्नायूंचे दोन थर असतात, वरच्या थरात बोटं उघडणारा मोठा एक्स्टेन्सर डिजिटोरम आणि मनगट उचलणारे, आणि त्याखाली खोल थरात अंगठ्याचे तीन, तळहात वर वळवणारा सुपिनेटर आणि हा. खोल थरातला हा सगळ्यात खालचा, म्हणजे मनगटाच्या सगळ्यात जवळचा. सुरू होतो अल्नाच्या (करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या) मागच्या पृष्ठभागावरून, खालच्या भागातून, ईपीएलच्या उगमाच्या लगेच खाली, आणि थोडा दोन हाडांमधल्या पडद्यावरून. तिथून तिरका निघून चौथ्या बोगद्यात शिरतो, तिथे एक्स्टेन्सर डिजिटोरमचे चार टेंडन असतात, हा त्यांच्या खालून जातो. बाकीच्यांचा मांसल भाग वरच संपतो, याचा मात्र जवळजवळ मनगटापर्यंत येतो, ऑपरेशनमधे चौथा बोगदा उघडल्यावर ज्या टेंडनला अजून लाल मांस चिकटलेलं दिसतं तो हाच, सर्जन लोक त्यावरून ओळखतात. पुढे पंजाच्या पाठीवर तर्जनीच्या मुळाशी दोन टेंडन शेजारी शेजारी दिसतात, एक डिजिटोरमचा आणि एक याचा, आणि करंगळीच्या बाजूचा तो याचा. तिथे बोटाच्या पाठीवरच्या आवरणात दोघं मिसळून जातात.

स्वतःच्या हातावर बघायचं असेल तर मूठ करा, दुसऱ्या हाताची दोन बोटं मनगटाच्या तीनेक बोटं वर, हाताच्या मागच्या बाजूला, अल्नाच्या कडेला लागून आत दाबून ठेवा, आणि मुठीतून फक्त तर्जनी वर खाली करा. खोलवर काहीतरी वळवळल्यासारखं लागेल. बारीक आहे, पहिल्या फटक्यात कळेलच असं नाही, जोरात दाबलंत तर नाहीच कळणार.

आता त्याच मुठीतून फक्त अनामिका उचलून बघा. नाही जमत ना, जमली तरी अर्धवट आणि मधलं बोट ओढत आणते. याचं कारण डिजिटोरम चारही बोटांना एकाच स्नायूतून टेंडन देतो आणि पंजाच्या पाठीवर त्या टेंडनना एकमेकांशी बांधणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, मधलं-अनामिका आणि अनामिका-करंगळी यांच्यातल्या पट्ट्या चांगल्या जाड असतात. तर्जनी आणि मधल्या बोटातली पट्टी पातळ, कधी नुसता पडदाच. आणि एक्स्टेन्सर इंडिसिसच्या टेंडनला साधारणपणे अशी पट्टी नसतेच, तो सुटा. करंगळीचंही असंच, तिलाही तिचा खास स्नायू आहे, म्हणून ती पण एकटी उभी राहते.

यावरून वर्गात सगळ्यांना शिकवलं जातं की बोट दाखवण्याचा स्नायू म्हणजे एक्स्टेन्सर इंडिसिस. चुकीचं नाही, पण अर्धंच आहे, आणि ही केस माझ्या मते त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी महत्त्वाची. ताकदीच्या हिशोबाने बघितलं तर तर्जनी सरळ करायचं बरंचसं काम डिजिटोरमचा टेंडन करतो, हा मदतीला असतो. तेही मुख्यतः मुळाच्या सांध्यावर, पुढची दोन पेरं सरळ करायला तळहातातले लम्ब्रिकल आणि इंटरऑसियाय हे छोटे स्नायू लागतात. याची खरी कमाई ताकद नाही, सुटेपणा आहे.

सर्जनकडे पाठवल्यावर काकूंचा पहिला प्रश्न, टेंडन तुटलाय ना, मग शिवून टाका की, मी रोज शिवते. रास्त प्रश्न आहे. पण कापून तुटलेला टेंडन वेगळा आणि झिजून तुटलेला वेगळा. झिजून तुटलेल्याची टोकं पिंजलेल्या सुतासारखी होतात, त्यात टाका धरत नाही, खराब भाग कापून टाकला तर मधे मोठं अंतर पडतं, शिवाय काही आठवडे गेले की वरचा स्नायू आक्रसून बसतो. मधे दुसऱ्या टेंडनचा तुकडा जोडता येतो, पाल्मारिस लाँगसचा (हाताच्या पुढच्या बाजूचा एक बारीक स्नायू) बऱ्याचदा घेतात, पण तो काही लोकांना जन्मतःच नसतो, जोड दोन ठिकाणी द्यावा लागतो आणि ईपीएलचा मूळ स्नायू अजून लवचिक असेल तरच त्याचा फायदा. म्हणून सर्जनने एक्स्टेन्सर इंडिसिसच वळवून अंगठ्याला द्यायचं ठरवलं.

हाच का, तर तो जवळजवळ ईपीएलचा जुळा भाऊ आहे. दोघांचा उगम अल्नाच्या पाठीवर शेजारी शेजारी, दोघं तिरके अंगठ्याच्या बाजूला जातात, दोघांना एकच नस. टेंडनची ये-जा (स्नायू आखडला की तो किती सरकतो ती) सुद्धा दोघांची साधारण ५ सेंटीमीटरच्या आसपास, हे फार महत्त्वाचं, कारण मनगट हलवणाऱ्या टेंडनची ये-जा ३ च्या आसपास असते, तसला टेंडन लावला तर ताकद असूनही अंगठा पूर्ण उघडणार नाही. लांबी पुरते, जोड एकच द्यायचा. आणि तो काढून घेतला तर मागे डिजिटोरमचा टेंडन तर्जनीला शिल्लक राहतो.

काकूंना हे शेवटचं पटेना. कापड मशीनखाली सरकवताना तर्जनीच पुढे असते, अंगठा मिळवायच्या नादात बोट घालवायचं का? सर्जन म्हणाले, बोट जात नाही, एकटं उचलताही येईल, फक्त थोडं अशक्त होईल. आणि यात थाप नाही. डिजिटोरमचा तर्जनीकडे जाणारा भाग मेंदूला बराच वेगळा चालवता येतो आणि मधल्या बोटाशी बांधणारी पट्टी पातळ असते, त्यामुळे एक्स्टेन्सर इंडिसिस काढून घेतल्यावरही बहुतेक लोक तर्जनी एकटी दाखवू शकतात. आता याचीच दुसरी बाजू बघा. मुठीतून तर्जनी उचलली म्हणजे एक्स्टेन्सर इंडिसिस आहेच असं ऑपरेशनआधी समजणं धोक्याचं, कारण थोड्या लोकांना तो मुळात नसतोच आणि तरी त्यांचं बोट उठतं. कुणाला त्याचे दोन टेंडन असतात, कुणाला त्याची एक फांदी मधल्या बोटाला गेलेली असते. म्हणून काकूंचा स्नायू मी हाताने चाचपला, सोनोग्राफीत पण दिसला, मगच तारीख ठरली.

ऑपरेशन पूर्ण जागेपणी झालं. जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनमधे अॅड्रेनॅलिन मिसळून जागेवर इंजेक्शन दिलं, अॅड्रेनॅलिनमुळे रक्त कमी येतं म्हणून दंडाला पट्टा आवळायची गरज नाही, आणि पट्टा नाही म्हणून पेशंट हात हलवू शकतो. तीन छोटे छेद. पहिला तर्जनीच्या मुळाशी, तिथे करंगळीच्या बाजूचा टेंडन आवरणाच्या थोडं आधी कापला आणि मागे राहिलेलं टोक डिजिटोरमच्या टेंडनला टाचून टाकलं, म्हणजे बोट मुळाशी लोंबत नाही. दुसरा छेद मनगटाच्या मागे, तिथून टेंडन बाहेर ओढून घेतला. तिसरा अंगठ्याच्या बाजूला, ईपीएलचं पुढचं टोक शोधून काढलं. मग कातडीखालून टेंडन अंगठ्याकडे नेऊन ईपीएलच्या आरपार दोन-तीनदा विणून शिवला, याला पल्व्हरटाफ्ट वीव्ह म्हणतात. काकू म्हणे टेबलवरून विचारत होत्या, गाठ मारली का विणलंय.

या सगळ्या ऑपरेशनचा जीव कशात असेल तर तो ताण किती ठेवायचा यात. सैल राहिला तर अंगठा उठत नाही, जास्त घट्ट झाला तर उठतो पण करंगळीच्या मुळापर्यंत वाकत नाही आणि मग वस्तू पकडताना अडतं. बेशुद्ध पेशंटमधे मनगट वाकवून अंदाज घेतात, मनगट पुढे वाकलं की अंगठा सरळ झाला पाहिजे आणि मागे गेलं की सहज पंजात आणता आला पाहिजे. इथे काकू जाग्याच, दोन टाके घातल्यावर सर्जन म्हणाले तर्जनी उचला. काकूंनी तर्जनी उचलायला घेतली आणि अंगठा पण उठला. थोडा कमी वाटला म्हणून टाका काढून जरा ओढून परत घातला, परत उचलायला लावलं, मग अंगठा वाकवून करंगळीला टेकवून बघितला, मगच बाकीचे टाके.

चार आठवडे स्प्लिंट, मनगट थोडं मागे, अंगठा सरळ, पंजापासून बाहेर धरलेला. मग त्या परत माझ्याकडे.

इथून पुढचं काम स्नायूपेक्षा डोक्याचं. मेंदूने अंगठा उचल म्हणून ईपीएलला हुकूम सोडायचा आणि तिथे कुणी नाही, आता अंगठा उचलणाऱ्या स्नायूला हुकूम तर्जनीच्या नावानेच पोचतो. त्यामुळे पहिले काही दिवस मी अंगठा हा शब्दच वापरत नव्हते. तर्जनी वर, असं म्हणायचं, त्या बोट उचलायला जायच्या आणि अंगठा उठायचा, आणि दर वेळी त्यांना हसू यायचं. डोळे उघडे ठेवून, अंगठ्याकडे बघत, दिवसातून बऱ्याच वेळा पण प्रत्येक वेळी थोडंच, कारण बारीक स्नायू लवकर थकतो आणि थकल्यावर मनगट झटकून चोरी सुरू होते. नंतर तर्जनी आणि अंगठा दोन्ही उचलायचा विचार, मग नुसता अंगठा, मग तर्जनी घडी करून ठेवून अंगठा. ही शेवटची पायरी जमली की समजायचं मेंदूने नवीन पत्ता लिहून घेतला. बहुतेकांना हे वाटतं त्यापेक्षा लवकर जमतं. मला विचाराल तर दोन्ही स्नायू रोजच्या कामात एकत्रच वापरले जातात, चिमूट सोडताना अंगठा आणि तर्जनी दोन्ही एकदम उघडतात, म्हणून मेंदूला ते फार परकं पडत नाही.

सहा आठवड्यांपर्यंत मनगट आणि अंगठा दोन्ही एकदम पुढे वाकवायला बंदी, त्यात जोडावर सगळ्यात जास्त ताण येतो. सहाव्या आठवड्यानंतर हलकी कामं, मग हळूहळू ताकदीची. कात्रीचं आम्ही वेगळं केलं. आधी स्प्रिंगची कात्री दिली जी आपोआप उघडते, तिच्यात मिटायचं काम अंगठा वाकवणारे करतात आणि उघडताना नव्या टेंडनला नुसतं सोबत जायचं असतं. मग साधी छोटी कात्री, आधी कागद, मग पातळ सुती कापड. शिवणकामाची मोठी जड कात्री तीन महिन्यांनंतर, आणि ती सुद्धा त्यांनी मला न विचारता आधीच वापरून बघितली होती, हे त्यांच्या सुनेकडून कळलं.

सहा महिन्यांनी बघितलं तेव्हा पंजा टेबलवर ठेवून अंगठा उठत होता, डाव्यापेक्षा थोडा कमी, पण स्वच्छ उठत होता. करंगळीच्या मुळाशी टेकत होता. चिमटीची ताकद दोन्ही हातांची जवळपास सारखी. तर्जनी मुठीतून एकटी उभी राहत होती, मी वरून बोटाने दाबल्यावर मात्र डाव्यापेक्षा लवकर हार मानत होती, आणि रोजच्या कामात हे त्यांना जाणवत नव्हतं. अंगठ्याच्या पाठीवर नाण्याएवढी जागा बधिर राहिली, तिथून रेडियल नसेच्या बारीक फांद्या जातात आणि छेद देताना किंवा ओढताना त्यातली एखादी दुखावते, काहींची भरून येते, यांची थोडी आली थोडी नाही. तक्रार एकच उरली होती, जाड कापडाचे चार-पाच थर सलग कापले की अल्नाच्या कडेला, मनगटाच्या वर, खोल कुठेतरी भरून येतं. मी तिथे बोटं ठेवून त्यांना अंगठा उचलायला लावला, तर नेमका तिथेच तो बारीक स्नायू आखडत होता, तर्जनी मात्र शांत. त्यांना म्हणलं, दोन कापांच्या मधे हात जरा सोडत जा.